डावीकडचीच खिडकी

...नाही, पण मला एक सांगा, डावी खिडकी कुठली नि उजवी कुठली हे बघायचं काम कोणाचं? माझं की काउंटरवरच्या त्या बाईचं? मी सातवी नापास. तीही धड पूर्ण नाही, सहामाहीला बसलो आणि उठलो तो थेट चिकनच्या दुकानात. जन्मात पहिल्यांदा विमानतळावर आलोय, आदल्या दिवशी धुतलेले बूट आतून अजून ओले, चाललो की पचक पचक, आणि ती बाई तोंडावर एक हसू चिकटवून विचारते, खिडकी की मधली? मी म्हटलं, डावीकडची खिडकी. ती म्हणाली, खिडकी देते. मी म्हटलं, डावीकडची. ती म्हणाली, खिडकीच आहे, सर. आता 'सर' म्हटलं की आपल्यासारखा माणूस तिथेच संपला. मला आजवर कोणी सर म्हटलेलं नाही, दुकानात मला 'ए लेगपीस' म्हणतात. मी मान डोलावली, कागद घेतला. बावीस एफ. आता एफ कुठल्या हाताला येतो हे सातवीत शिकवतात का? आठवीत शिकवत असतील.

डावीकडे बस, म्हणाला होता दादा. आयुष्यात एवढंच एक सांगितलं होतं त्यानं मला धडपणे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मंगळवारी मेला. मामा म्हणतो, 'मेला' काय म्हणतोस, 'गेला' म्हणावं. कुठे गेला? गेला असता तर परत आला असता. मेला. शुक्रवारी मी विमानात बसलो ते त्याला आणायला.

आता तो काय करायचा ते सांगतो, पण हसायचं नाही. दादा त्या मोठ्या शहरातल्या विमानतळावर पाखरं हाकलायच्या नोकरीला होता. बघा, हसलात. अहो, असते अशी नोकरी. इंजिनात पाखरू शिरलं तर आख्खं विमान खाली येतं, म्हणून धावपट्टीच्या कडेला गवतात पाच-सहा माणसं उभी असतात, अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात पत्र्याचा डबा, आणि एक बंदूक, नुसत्या आवाजाची, गोळी नाही. पाखरू दिसलं की हाऽऽ हूऽऽ करत धावायचं. सहा वर्षं धावला. आमच्या घराचा धंदाच पाखरांचा बघा, तो हाकलायचा नि मी कापायचो. गल्लीत सगळे त्याला बुजगावणं म्हणायचे. सुट्टीवर आला की पोरं मागून ओरडायची, बुजगावणं आलं, बुजगावणं आलं. ते नाव कोणी ठेवलं विचारा ना. मीच ठेवलं. कोणाला पुरेल की नाही म्हणून घरोघर जाऊन वाटलं.

आणि मेला कसा? सहा वर्षं डोक्यावरून घरांएवढी विमानं गेली, एकानं केस विस्कटला नाही. ठेकेदाराच्या कारकुनाचा फोन आला. कारकून म्हणजे असा माणूस की वाईट बातमीसुद्धा तिच्यावर शिक्का मारून देतो. म्हणाला, आपले बंधू टँकरच्या पाठीमागे उभे होते. मी म्हटलं, पेट्रोलच्या? म्हणाला, नाही, पाण्याच्या. गवताला पाणी घालतो तो. रिव्हर्स घेत होता. मला वाटलं, निदान विमानानं तरी मारायचं होतं, चारचौघांत सांगता आलं असतं. पाण्याचा टँकर... आणि तो टँकर मागे येताना गाणं वाजवतो हो, लहान मुलांच्या वाढदिवसाला वाजतं तसलं टिंग टिंग. मी म्हटलं, गाणं ऐकू नाही आलं त्याला? कारकून म्हणाला, विमान उतरत होतं, त्या आवाजात काही ऐकू येत नाही. शिवाय ते वर बघत होते. दोन्ही हात वर करून. मी म्हटलं, का? म्हणाला, ते आम्हाला सांगता येणार नाही.

मला सांगता आलं असतं. तुम्हाला सांगेन, थांबा जरा, आधी विमानात तर बसू द्या.

तर नियम असा की दादाचं खोकं ताब्यात घ्यायला रक्ताचा, सज्ञान आणि सही करू शकणारा माणूस पाहिजे. तिकीट ठेकेदार पाठवणार. आई म्हणाली, मी त्याला खोक्यात बघणार नाही, तू आण. मामा लगेच पुढे, म्हणतो, पोरगं लहान आहे, मी जातो. डोळ्याला रुमाल आणि दुसऱ्या हातानं नवा शर्ट इस्त्रीला टाकतोय. विमानात बसायला मिळतंय ना. आईनं त्याच्याकडे असं बघितलं की शर्ट इस्त्रीवाल्याकडेच राहिला. मग निघताना ती दारात मला म्हणाली, तो जिथे उभा राहायचा ती जागा बघून ये. वरून. तो सांगायचा तशी. आणि मला येऊन सांग. रडली नाही, काही नाही. डबा धुवून ठेव म्हणतात त्या आवाजात म्हणाली. एवढंच काम होतं माझं. सही तर काय, कोणीही करतं.

दादानं वाटच अशी सांगून ठेवलेली की आंधळासुद्धा चुकायचा नाही. फोन केला की तेच. डावीकडे बस. शहर सुरू झालं की एक काळा नाला दिसेल. मग तीन धुराडी. मग गोल पाण्याची टाकी. मग तारेचं कुंपण, मग विमान टेकतं, हळू होतं, आणि जिथे वळतं ना, बरोबर तिथे माझी पत्र्याची केबिन. मी बाहेर उभा असतो. तू येशील तेव्हा मी दोन्ही हात वर करीन. मी म्हणायचो, हो का, आणि मी काय करू, तुझ्यावर दाणे टाकू?

तर आत शिरलो. एफ निघाला उजवीकडे. मी जेवतो त्या हाताला. आणि पलीकडे, डावीकडे, बावीस ए वर, माझ्या खिडकीत एक आजी. एवढीशी, बाहुलीएवढी, पाय जमिनीला टेकत नव्हते. मांडीवर पिशवी, पिशवीला दोन गाठी, आणि विमान अजून जागचं हललेलं नाही तोवर हिचं कपाळ काचेला चिकटलेलं. मी म्हटलं, आजी, उठा, ती जागा मला पाहिजे. म्हणाली, का रे बाळा? मी म्हटलं, मला डावीकडची खिडकी पाहिजे. तर काय म्हणावं तिनं? म्हणते, मलापण डावीकडचीच पाहिजे. माझ्या मुलानं सांगितलंय, डावीकडे बस, उतरताना माझी इमारत दिसते. निळ्या काचांची, डोक्यावर पांढरा गोळा. बाराव्या मजल्यावर राहतो. नात झालीय मला.

मी विचारलं होतं का, नात झाली की नातू?

तेवढ्यात विमानातली बाई आली. सर, आपली जागा ती आहे. मी म्हटलं, माहीत आहे, पण मला ही पाहिजे. सर, तीही खिडकीच आहे. परत तेच. या लोकांना शाळेत एकच धडा होता का? आजीच्या शेजारी मधल्या जागेवर बसलेला एक टायवाला, त्याच्या मांडीवर कॉम्प्युटर, तो न विचारता बोलला, जाऊ द्या हो, आकाश काय, दोन्हीकडे सारखंच. मी म्हटलं, मग तुम्ही संडासात जाऊन बसा, तिथेही खिडकी नसली तरी आकाश बाहेर आहेच. तो कॉम्प्युटरमधे गेला तो उतरेपर्यंत... नाही, उतरेपर्यंत नाही, मधे दोनदा बाहेर आला, सांगतो.

आजी काही हलेना. नुसती काच घट्ट धरून बसली. बाई घड्याळ बघायला लागली. मागून कोणीतरी म्हणालं, अरे बस ना बाबा एकदाचा. आणि माझं डोकं असं आहे की ते फिरलं की मला कळवत नाही, परस्पर फिरतं. मी मोठ्यानं म्हटलं, "माझा भाऊ मेलाय. त्याला आणायला चाललोय."

सगळं विमान गप्प. एक बाळ रडत होतं, तेही थांबलं. तुम्हाला सांगतो, असं हत्यार माझ्या हातात कधी आलं नव्हतं. दुकानातला सुरा काहीच नाही. मग हत्यार हातात आहे म्हटल्यावर माणूस एक घाव घालून थांबतो होय? मी त्या आजीला म्हटलं, "तुमचा मुलगा जिवंत आहे ना? मग त्याची इमारत आतून बघा. बाहेरून काय बघायचंय?"

ती उठली. आधी पिशवी उचलली, मग गुडघा सरळ केला, मग दुसरा. चष्म्याचं घर पडलं ते टायवाल्यानं उचलून दिलं आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की मी काय त्याच्या पायावर थुंकलोय. ती पलीकडे एफ वर जाऊन बसली. मी ए वर बसलो. जागा अजून गरम होती तिची. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मंगळवारपासून पहिल्यांदा बरं वाटलं, कोणाचं तरी काहीतरी हिसकावून घेतल्यावर.

मग दोन तास ढग. ढग म्हणजे काय, तर काही नाही. कोंबडी सोलल्यावर पिसांचं पिंप भरतं ना, ते वरून बघितल्यासारखं. मी मात्र काचेला नाक लावून, न जाणो झोप लागली आणि नाला गेला तर. खायला घेऊन आली ती बाई, तिलाही पाठ दाखवली. टायवाला एकदा बाहेर आला आणि म्हणाला, अजून खूप वेळ आहे, आराम करा. मी म्हटलं, तुम्ही करा, तुमचा कोणी खाली उभा नाहीये.

तसा माझाही नव्हता म्हणा.

आणि मग विमान एका कुशीवर वळलं आणि ढगाखालून शहर आलं. तुम्ही म्हणाल, कसं दिसतं? लोक फोन काढून शूटिंग करत होते, अहाहा, किती सुंदर. काय सुंदर? कोणीतरी ट्रकभर सामान ओतलंय आणि उचलायला परत आलाच नाही, तसं दिसतं. शहरातले लोक इमारतीला पुढून रंग देतात, गुळगुळीत, पण वरून? वरून कोणी बघत नाही अशी खात्री असल्यासारखं सगळं छपरावर. मोडक्या खुर्च्या, फुटक्या टाक्या, गंजलेल्या सायकली, वाळत घातलेली गादी, आणि गादीवर कोणाचा तरी नकाशा. एका छपरावर एक माणूस चड्डीवर आंघोळ करत होता, त्याच्या शेजारच्याच छपरावर पोहायचा तलाव, निळा, त्यात कोणी नाही. मधे एक भिंत. रस्त्यावर गाड्या अशा दाटीनं की फणीत अडकलेल्या उवा. हलत नव्हत्या. एवढ्या सगळ्यांना कुठे जायचं होतं, आणि कोणीच पोचत नव्हतं. मला आनंद झाला. म्हटलं, बसा असेच. माझा भाऊ इथे मेला आणि तुम्ही सगळे तसेच्या तसे, चड्डीवर आंघोळी करताय, गाद्या वाळवताय. एका छपरावरचा माणूस तरी खाली बसून रडत असावा की नाही? एक. मी शोधला. नव्हता.

टायवाला दुसऱ्यांदा बाहेर आला. म्हणाला, वरून बघितलं की कळतं, माणूस किती क्षुल्लक आहे. मी म्हटलं, तुम्ही असाल. माझा भाऊ पाच फूट दहा इंच होता.

पण नाला कुठे होता? डावीकडे बस, काळा नाला दिसेल. मला एक सोडून चार दिसले. सगळे काळे. म्हटलं, यातला कुठलातरी. तीन धुराडी म्हणाला होता, मला दोन दिसली. म्हटलं, एक पाडलं असेल, शहर आहे, पाडतात. टाकी गोल म्हणाला होता, आली ती चौकोनी. आता काय करता? मी दादाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, सहा वर्षं शहरात राहून तुला गोल आणि चौकोनी कळत नाही? माणूस मेला तरी त्याच्यावर चिडायचं बंद थोडंच होतं. उलट उत्तर येत नाही म्हणून जास्तच चिडता येतं.

आणि तेवढ्यात ती आली. निळ्या काचांची इमारत, डोक्यावर पांढरा गोळा. इतकी जवळ की बाराव्या मजल्यावरचा पडदा कुठल्या रंगाचा ते सांगू शकतो. पिवळा. आख्ख्या शहरात तेवढी एकच वस्तू सांगितल्याबरहुकूम जागच्या जागी उभी, आणि ती माझ्या काय कामाची होती? मी पलीकडे बघितलं. आजी तिकडच्या काचेला कपाळ लावून बसलेली. हाक मारायला एक क्षण पुरला असता. नाही मारली.

आता ते हात वर करायचं सांगतो, कारण कुंपण आलं आणि मलाही ते तेव्हाच आठवलं. आठवलं म्हणजे काय, मंगळवारपासून ते गेलंच कुठे होतं.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. दुकानात दुपारची गर्दी. दादाचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला, गिऱ्हाइकांना गंमत म्हणून. तो म्हणाला, काय करतोस? मी म्हटलं, दादा, मी विमानात आहे. मालकाकडे एक पंखा होता, घरघर करायचा, त्याच्यासमोर फोन धरला. म्हटलं, ऐक, इंजिन. तुझ्याच शहरात येतोय. तो एकदम गडबडला. म्हणाला, कुठल्या विमानात? पांढऱ्या शेपटीच्या की निळ्या? दुकानातली माणसं तोंड दाबून हसायला लागली. मी म्हटलं, सांगणार नाही, तू ओळख. म्हणाला, अरे पण किती वाजता उतरतं? मी म्हटलं, तू सगळ्यांना हात कर, एकात मी असेन. आणि फोन ठेवला. काय हसलो आम्ही. एक बाई तर हसता हसता पिशवी विसरून गेली.

तो उभा राहिला हो. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत, प्रत्येक विमानाला दोन्ही हात वर. मग त्याचा फोन आला. मी सांगून टाकलं, गंमत केली रे. मला वाटलं चिडेल, शिव्या देईल, आमचं बरोबरीत सुटेल. तो म्हणाला, "मला माहीत होतं रे, तू दुकानात आहेस. तरी म्हटलं, असलास तर?" मग म्हणाला, खरंच ये ना एकदा.

मी म्हटलं, "तू मेलास की येतो."

तो हसला. मी फोन ठेवला. अर्धा किलोवालं गिऱ्हाईक उभं होतं.

तर विमान टेकलं. धाडकन. आजूबाजूचे लोक खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेले, माझं लक्ष गवतात. विमान हळू झालं. वळायला लागलं. आता, आता इथे, डावीकडे... आणि दिसलं. नारिंगी. शपथेवर सांगतो, गवतात नारिंगी काहीतरी हलत होतं, हात केल्यासारखं, असं वर, असं खाली. मला माहीत होतं दादा मेलाय. खोक्यात आहे, सही करायचीय, सगळं माहीत. तरी मी दोन्ही हात वर केले. एक हात छताला आपटला, दुसऱ्यानं टायवाल्याचा चष्मा उडाला. मी 'दादा' म्हणून ओरडलो असं तो टायवाला नंतर म्हणाला. मला आठवत नाही. विमान जवळ गेलं. काठीला बांधलेली कापडाची पिशवी होती. वारा आत शिरला की फुगायची, वारा गेला की पडायची. टायवाल्यानं चष्मा शोधता शोधता सांगितलं, त्यावरून वाऱ्याची दिशा कळते. ज्ञान मोफत होतं.

आणि तेवढ्यात, पलीकडून आवाज. आजीचा. शेजारच्याला सांगत होती, "अहो बघा ना, त्या पत्र्याच्या खोलीपाशी कोण ते... नारिंगी कपड्यातला... दोन्ही हात वर करून उभाय बिचारा."

मी उठलो. म्हणजे मी उठलो, पट्टा उठला नाही. पोट कापलं जाईल असा हिसका बसला. तो पट्टा काढायचा कसा हे बाईनं सुरुवातीला हातवारे करून दाखवलेलं, तेव्हा मी ढग नसलेल्या आकाशाकडे बघत होतो. मी ओढतोय, दाबतोय, माइकवर बाई म्हणतेय, बावीस ए, कृपया बसून राहा, बावीस ए. आणि त्या सगळ्यात मला डोक्यांच्या फटीतून काय दिसत होतं? खिडकी नाही, बाहेरचा माणूस नाही. आजीचा हात. ती हात हलवत होती. छान, सावकाश, जिवंत मुलाला निरोप देतात तसा.

टायवाल्यानं पट्टा सोडवला. मी दोघांचे पाय तुडवून पलीकडे पोचलो, आजीच्या डोक्यावरून काचेला भिडलो. गवत. नुसतं गवत, आणि दुसऱ्या एका विमानाची शेपटी.

आणि मागे एक गोल टाकी.

तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. दादानं विमान आयुष्यभर बघितलं ते समोरून. तोंडावर येताना. तो जमिनीवर उभा, विमान त्याच्याकडे येतंय, म्हणजे त्याच्या डाव्या हाताची जी बाजू ती विमानाची उजवी. एकदा, एकदा जरी आत बसला असता तर कळलं असतं त्याला. सहा वर्षांत हजारो विमानांसाठी पाखरं हाकलली, आणि स्वतः घरी यायचा अकरा तास बसनं, मागच्या बाकावर. कोणी बसवलं नाही त्याला. आणि मी? मला त्या काउंटरवरच्या बाईनं आपणहून बरोबर खिडकी दिली होती. हातात दिली होती. ती मी एका म्हातारीला रडकुंडीला आणून बदलून घेतली.

खाली सामानाच्या पट्ट्यापाशी आजी माझ्याजवळ आली. मला वाटलं, बोलेल काहीतरी, बोलावं असं वाटत होतं, चार शिव्या घातल्या असत्या तर पाया पडलो असतो. तर म्हणते, "बाळा, दिसली का रे इमारत? निळी?"

मी म्हटलं, "नाही आजी. ढग होते."

ती म्हणाली, असू दे. मला वाटतं, मी इतकं वाईट त्या दिवसात दुसरं काही केलं नाही. तो पिवळा पडदा अजून माझ्याकडेच आहे.

मग कारकून, मग कागद, मग सही. दादाला बघितलं. ते नाही सांगणार. मग गाडी येईपर्यंत बाकावर बसून राहा म्हणाले. तिथे एक ठेंगणा माणूस धापा टाकत आला, नारिंगी जाकिटात, बाह्या दोनदा दुमडलेल्या. जाकीट दादाचं. तीन दिवसांत दुसऱ्याच्या अंगावर. मी उठलोच होतो त्याच्या गळ्याला हात घालायला, तर त्यानंच माझे खांदे धरले. म्हणाला, तुम्ही भाऊ ना त्यांचे? मी त्यांच्याबरोबर होतो कामाला, आता त्यांच्या केबिनवर टाकलंय मला. मग एका दमात सांगत सुटला, की दादा दीड वर्षं प्रत्येक विमानाला हात करायचा, हे सगळे हसायचे, साहेबानं दोनदा झापलं, पाखरं बघ, विमानं काय बघतोस. दादा म्हणायचा, माझा भाऊ न सांगता येणारा आहे, कुठल्या विमानात असेल नेम नाही. मंगळवारीही तेच करत होता. आणि आज कारकुनानं सांगितलं की भाऊ दुपारच्या निळ्या शेपटीच्या विमानात आहे, म्हणून हा बाहेर येऊन उभा राहिला. दादाच्या जागेवर. दोन्ही हात वर करून.

मग तो थांबला. डोळे पुसले, दादाच्या बाहीला. म्हणाला, "दीड वर्षात एकाही खिडकीतून कोणी उलटा हात केला नव्हता. आज केला. मी बघितला. तुम्हीच ना?"

मी खाली माझ्या हाताकडे बघितलं.

म्हणाला, "हात जरा बारीक दिसला."

आता सांगा, मी काय म्हणायचं होतं? मी त्याला सांगू, की मी तेव्हा दुसऱ्या बाजूला एका कापडाच्या पिशवीला हात करत होतो? दीड वर्षं उभा राहिलेल्या माणसाच्या वतीनं हा विचारत होता.

मी म्हटलं, "लांबून बारीकच दिसतो."

बस. तो धावत बाहेर गेला आणि बाकीच्यांना घेऊन आला. पाच जण. गळ्यात शिट्ट्या, पायाला गवत. हा म्हणतोय, अरे, यानंच केला, यानंच. आणि ते एकेक करून पुढे आले आणि माझा हात हातात घ्यायला लागले. कोणी दोन्ही हातांनी धरतोय, कोणी कपाळाला लावतोय, एक तर सोडायलाच तयार नाही. म्हातारीचा हात मागायला आलेले सगळे, आणि म्हातारी गेली नातीला बघायला.

काय करणार... दिला माझाच. तेवढाच होता माझ्याकडे.